अकरा ताऱ्यांचं अक्षर

"हे कुणाचं अक्षर आहे गं?"

अण्णा पाण्याचा तांब्या हातात घेऊन जेवणाच्या टेबलापाशी थांबले होते. टेबलभर माझे कागद पसरलेले. प्रत्येक कागदावर डावीकडून उजवीकडे गेलेली एकच काळी रेघ. कुठे चढणारी, कुठे खोल खाचेत उतरणारी, मग पुन्हा वर येणारी.

"अक्षर नाही हो, अण्णा. वर्णपट आहेत. फुटलेल्या ताऱ्यांचे."

"ते असू दे. पण माणूस एकच दिसतोय."

"तेच तर नाहीये," मी म्हणाले. "या बाजूचे जवळचे तारे, त्या बाजूचे लांबचे. दोघांत फरक निघालाय. सोमवारी मला तेच सांगायचंय सगळ्यांसमोर."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. दोन कागदांवरून नजर फिरवली. मग एकदम भानावर आल्यासारखे म्हणाले, "असेल बाबा. मला काय कळतंय त्यातलं," आणि बाहेर निघून गेले. तांब्या तिथेच राहिला.

ही दोन हजार दोन सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवारची सकाळ होती. मी सत्तावीस वर्षांची, पुण्याला एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि व्याख्यानाची तयारी शांतपणे व्हावी म्हणून साताऱ्याला घरी आले होते. माझे वडील, दिनकर खटावकर, सरकारी नोकरीत हस्ताक्षरतज्ज्ञ होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मृत्युपत्रं, धमकीची निनावी पत्रं, खोट्या सह्या असलं सगळं तपासलं. कोर्टात साक्षी दिल्या. मग निवृत्तीला पाच वर्षं बाकी असताना अचानक नोकरी सोडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. आई म्हणायची, डोळे थकले त्यांचे. सुरुवातीला वकील घरी यायचे, एखादा कागद बघून द्या म्हणून गळ घालायचे. अण्णा त्यांना चहा पाजायचे आणि कागद न उघडता परत द्यायचे. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. त्यांचं पितळी मुठीचं भिंग कपाटात एका जुन्या मोज्यात घालून ठेवलेलं होतं.

त्यामुळे अर्ध्या तासाने ते भिंग हातात घेऊन पुन्हा टेबलापाशी आले, तेव्हा मी बघतच राहिले.

"लांबचे म्हणजे किती लांबचे?" त्यांनी विचारलं.

"पाच अब्ज वर्षं प्रकाश प्रवास करत होता. काही चार, काही सहा."

"आणि जवळचे?"

"हा आहे ना, याचा प्रकाश सहा कोटी वर्षांत पोचला."

"याला तू जवळचा म्हणतेस." ते खुर्ची ओढून बसले. "बरं, फरक काय पडला म्हणतेस? मला समजेल असं सांग."

मी सांगितलं. एका विशिष्ट जातीचे तारे असतात. ते फुटतात तेव्हा सगळे साधारण एकाच तेजाने फुटतात. म्हणून ते कंदिलासारखे वापरता येतात. कंदील केवढा आहे हे माहीत असलं, की तो किती मिणमिणता दिसतो त्यावरून किती लांब आहे ते काढता येतं. विश्व पसरतंय आणि पसरण्याचा वेग वाढतो आहे, हे चार वर्षांपूर्वी जगाला कळलं ते या कंदिलांवरून. पण लांबचा कंदील जवळच्यासारखाच आहे कशावरून? तो तर पाच अब्ज वर्षांपूर्वीचा. तेव्हाचे तारे वेगळ्या मालमसाल्याचे असतील, वेगळ्या रीतीने फुटत असतील. ते तपासायचा मार्ग एकच: ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवायचा आणि रेघ काढायची. जिथे खाच, तिथे कुठलातरी पदार्थ. ही कॅल्शियमची खाच, ही सिलिकॉनची, इथे ही सगळी लोखंडाची गर्दी.

"आणि लांबच्यांत सिलिकॉन जास्त दिसतोय, लोखंड कमी," मी म्हणाले. "अकराच्या अकरा ताऱ्यांत. म्हणजे कंदीलच वेगळा आहे. मग अंतरं चुकली, आणि वेग वाढतोय हेही पुन्हा तपासायला हवं. मिस्कीन सर म्हणतात, गेल्या पाच वर्षांत आपल्या संस्थेतून एवढी मोठी गोष्ट बाहेर पडली नाही."

मिस्कीन सर माझे मार्गदर्शक. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. तीन वर्षं त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, आणि या निकालाने ते दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे वागत होते. परदेशातल्या दोघातिघांना त्यांनी पत्रंही लिहिली होती. लेख तयार होता. व्याख्यान झालं की बुधवारी पाठवायचा.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लांबच्यांच्या कागदांवर वर काय काय लिहिलंयस?"

"ताऱ्याचं नाव. कितवा दिवस ते. किती लांब."

"ते सगळं आधी कापून टाक. मागे नुसता आकडा घाल, एक ते अकरा. कुठला आकडा कुणाचा ते तुझ्या वहीत ठेव आणि वही माझ्यापासून लांब ठेव."

"कशाला पण?"

"मला आधी सांगितलंस, की मला तेच दिसेल." ते कात्री शोधायला उठले.

त्यांनी हात धुतले. टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि दोघांनी मिळून ते उत्तरेच्या खिडकीपाशी सरकवलं. तिथे उजेड मऊ येतो, सावली पडत नाही. ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा कपाटातून निघाला. कडेने पिवळा पडला होता, पण चालण्यासारखा होता.

"आता मान्य नमुने दे," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजावलं, "ज्यांच्याबद्दल वाद नाही ते. तुझे जवळचे."

जवळच्या एका ताऱ्याचे माझ्याकडे जवळजवळ रोजचे वर्णपट होते. तो सगळ्यात तेजस्वी झाला त्या दिवसापासून पुढचे पंचवीस दिवस. मी ते दिवसवार मांडले. अण्णा एकेक उचलून बघत गेले, आणि त्यांची मान हळूहळू हलायला लागली.

"हा म्हातारा होतोय," ते म्हणाले.

"हो. फुटलेला गोळा पसरत जातो, विरळ होतो, तसतसं आतलं दिसायला लागतं. म्हणून खाचा बदलतात. सिलिकॉन मागे पडतो, लोखंड पुढे येतं."

"रोज बदलतो?"

"रोज."

 ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, क्षणभर जास्तच. मग पहिला लांबचा कागद पुढ्यात घेतला.

दुपारी जेवणं आम्ही जमिनीवर बसून केली. आई म्हणाली, "तारे जेवून उठले की माझं टेबल मला द्या." अण्णा हसले नाहीत. हात धुवून परत खिडकीपाशी गेले. ट्रेसिंग पेपरवर रेघ उतरवायची, ती एका नमुन्यावर ठेवायची, सरकवायची, उचलायची, दुसऱ्यावर ठेवायची. भिंगातून एकेक खाच बघायची: कुठे सुरू होते, कशी वळते, तळाशी टोकदार की गोल. मी लहान असताना त्यांना असं काम करताना पाहिलं होतं. त्यांचा श्वास तेव्हा अगदी संथ व्हायचा. तसाच तो आत्ताही झाला होता.

चारच्या सुमारास त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर एक ते अकरा आकडे, आणि दोन सोडून प्रत्येकासमोर नमुन्याचा दिवस.

"हे काय?"

"कुठला कागद कुठल्या नमुन्याशी जुळतो ते. अक्षर एकाचंच आहे, उजू. नऊ कागदांबद्दल मी ठामपणे सांगतो. सहा आणि अकरा नंबरवर धूळ फार आहे..."

"त्याला आम्ही गोंगाट म्हणतो."

"त्या दोघांबद्दल मत देता येत नाही."

मी वही उघडली. पहिला कागद. माझ्या वहीत पंधरावा दिवस. अण्णांनी तो जवळच्या ताऱ्याच्या दहाव्या दिवसाशी जुळवला होता. दुसरा, माझ्याकडे तेरावा, अण्णांचा दहावा. तिसरा, सोळावा, अण्णांचा पुन्हा दहावा. चौथा, सातवा, अण्णांचा पाचवा.

"अण्णा, तुम्ही सगळ्यांना लहान करून टाकलंय."

"मी कशाला करीन? ते दिसतातच तेवढे. हा पंधरा दिवसांचा नाही. तू पंधराशी पंधरा लावलंस आणि म्हणालीस माणूस वेगळा. माणूस तोच आहे. वय चुकलंय."

मला थोडा रागच आला. आमचे दिवस दुर्बिणीवरच्या माणसांनी मोजून तक्त्यात दिलेले; त्यात चूक कुठली? मी पुन्हा आकडे पाहिले. एक तीन दिवसांनी कमी, एक पाच, एक सहा, एक दोन. कशात काही मेळ नाही. मग सवयीने मी भागाकार केला. पंधरा भागिले दहा, दीड. तेरा भागिले दहा, एक पूर्णांक तीन. सोळा भागिले दहा, एक पूर्णांक सहा.

वहीत त्याच ओळीत शेवटचा एक रकाना होता. विश्व पसरल्यामुळे प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश वाटेत किती पट ताणला गेला, तो आकडा. रेघा काढताना रंगांतला तेवढा ताण मी आधीच काढून टाकला होता. पहिल्या ताऱ्यासमोर मी माझ्याच हाताने लिहिलं होतं: दीड. दुसऱ्यासमोर: एक पूर्णांक तीन. तिसऱ्यासमोर: एक पूर्णांक सहा.

 मी बाकीचे भागाकार करत गेले. नऊच्या नऊ. कुठे अर्ध्या दिवसाचा फरक, कुठे तोही नाही.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "चुकलंय का माझं?"

 सूत्र मला पाठ होतं. पुस्तकात ते एका ओळीचं असतं: प्रकाश जितका ताणला जातो, तितकाच काळही ताणला जातो. परीक्षेत मी ते लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. पण मी ते कधी पाहिलं नव्हतं. आणि साताऱ्यात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, ज्याला त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं अशा माणसाने ते नुसत्या भिंगाने पाहून ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवलं होतं.

"त्या ताऱ्यावर खरंच दहाच दिवस झाले होते, अण्णा," मी कशीबशी म्हणाले. "तो सगळ्यात तेजस्वी झाला तेव्हाचा प्रकाश निघाला, दहा दिवसांनंतरचा त्याच्या मागून निघाला. पाच अब्ज वर्षं दोघे चालत होते. तेवढ्यात मधली वाटच पसरत गेली. निघताना दोघांत दहा दिवसांचं अंतर होतं. इथे पोचले तेव्हा ते पंधरा दिवसांचं झालं होतं."

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे पंधरा दिवस उलटले तेव्हा कुठे त्याचा दहावा झाला?"

"हो, आई. अगदी तसंच."

"आणि पाच अब्ज वर्षांपूर्वी इथे काय होतं?"

"इथे काहीच नव्हतं. पृथ्वी झाली नव्हती. सूर्यसुद्धा नव्हता."

अण्णांनी पहिला कागद पुन्हा उचलला, जवळच्या ताऱ्याच्या दहाव्या दिवसावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. मागून उजेड आला, रेघ स्पष्ट झाली. सूर्य व्हायच्या आधीच्या कॅल्शियमची खाच आणि परवाच्या, सहा कोटी वर्षांच्या कॅल्शियमची खाच, एकीवर एक. आम्ही तिघं ती बघत उभे राहिलो. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

भानावर आले आणि मला मिस्कीन सर आठवले. महिन्यापूर्वी मिस्कीन सरांनी मला स्पष्ट विचारलं होतं, "उज्ज्वला, काळाची दुरुस्ती केलीस ना?" मी म्हणाले होते, "हो, सर." परदेशातून आलेल्या तक्त्याखाली तळटीप होती, की दिवस ताणाने भागून दुरुस्त केलेले आहेत. मी पिशवीतून तो तक्ता काढला. तळटीप पुढच्या पानावरच्या दुसऱ्या तक्त्याची होती. चूक माझी होती, निखळ माझी. आणि तिच्यावर सरांचा लेख उभा होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी अण्णांना माझा बेत सांगितला. व्याख्यान उद्या होऊन जाऊ दे. सगळ्यांसमोर सरांची शोभा नको. मंगळवारी त्यांना एकट्यात गाठीन. लेख काही बुधवारपर्यंत जात नाही.

अण्णा गॅलरीत जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली.

"मी नोकरी का सोडली, तुला माहीत आहे?"

"डोळे..."

"डोळ्यांना काय झालंय? काल बघितलंस ना." ते कठड्याला टेकले. "एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र आलं होतं तपासायला. घर बायकोच्या नावावर केलेलं. पुतण्या म्हणत होता सही खोटी आहे. माझ्याकडे नमुने होते म्हाताऱ्याच्या चाळिशीतले. मी लावून पाहिलं. काही जुळत नव्हतं. मी मत दिलं, सही त्याची नाही. शपथेवर सांगितलं. आणि मग पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका फायलीत त्याच माणसाचा एक अर्ज हाती आला, मरायच्या वर्षभर आधीचा. सही हुबेहूब मृत्युपत्रावरच्यासारखी. त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजू. हात बदलला होता. माणूस तोच होता."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकले.

"तो शुक्रवार होता. मी म्हटलं, आता लगेच कशाला, सोमवारी साहेबांशी बोलू. सोमवारी साहेब रजेवर. मग म्हटलं, ते आले की बघू. असे बारा दिवस गेले, आणि निकाल लागला. नंतर मी कोर्टाला कळवलं, सगळं रीतसर केलं. वरच्या कोर्टात निकाल फिरला. पण त्याला दोन वर्षं लागली, आणि तोवर ती बाई त्या घरातून बाहेर पडून माहेरच्या गावी वारली होती." त्यांनी झारी उचलली. पुन्हा ठेवली. "मी माझ्या नमुन्यांची तारीख बघायला हवी होती, ती एक चूक झाली. ती कुणाच्याही हातून होईल. पण ते बारा दिवस माझे होते."

सहा वर्षं आई आणि मी त्या माणसाला भिंग का काढत नाही म्हणून चिडवत होतो.

मी आत गेले आणि सरांच्या घरचा नंबर फिरवला.

"बोल, बोल!" सरांचा आवाज. "प्रोजेक्टरच्या फिल्म झाल्या सगळ्या तयार?"

"सर, मी काळाची दुरुस्ती केलेली नाही. तुम्ही विचारलं होतंत, मी हो म्हणाले होते. ते खोटं होतं. म्हणजे मला खरं वाटत होतं, पण मी तपासलं नव्हतं."

 त्यांच्या घरातला रेडिओ तेवढा ऐकू येत होता. मग तोही बंद झाला.

"दुरुस्ती केली की फरक किती उरतो?"

"उरत नाही, सर. काहीच उरत नाही."

 मी डोळे मिटून घेतले. सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "मी तीन जणांना पत्रं लिहिलीत गं." आणि थोड्या वेळाने, "कसं सापडलं?"

मी सांगितलं. नावं कापल्याचं, ट्रेसिंग पेपरचं, नऊ कागदांचं, भागाकाराचं. मध्येच त्यांनी मला थांबवलं.

"थांब. त्यांना ताणाचे आकडे माहीत नव्हते?"

"नाही."

"दिवस?"

"तेही नाही, सर. त्यांनी नुसतं प्रत्येकाचं वय ओळखलं."

"आणि भागाकार तेच आले? नऊच्या नऊ?"

"हो."

"अगं," सर म्हणाले, "अगं, म्हणजे त्या गृहस्थाने विश्व पसरताना पाहिलं. डोळ्यांनी." मग घसा साफ करून, "दे त्यांना फोन."

अण्णा सरळ उभे राहून बोलले. मला एकच बाजू ऐकू येत होती. "नमस्कार... नाही, ताऱ्यांतलं मला काही कळत नाही... हो, नऊ. दोघांबद्दल मत नाही दिलेलं... नाही साहेब, मी आता साक्षी देत नाही." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. फोनची वायर त्यांनी बोटाला गुंडाळली होती, ती हळूहळू सोडवली. "पोरीला काही बोलणार नसाल तर येतो," ते म्हणाले.

सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं पुण्याला गेलो. अण्णांनी कोर्टात घालायचे तो काळा कोट घातला होता. तो आता खांद्यांवर सैल होत होता.

सभागृहात साठेक माणसं होती. मिस्कीन सर आधी उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुम्हाला एक निकाल ऐकायला बोलावलं होतं. तो निकाल चूक होता. चूक आमच्या दोघांची. मी विद्यार्थिनीला विचारलं, पण तक्ता स्वतः उघडून बघितला नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्याऐवजी आज जे दाखवणार आहोत, ते मला स्वतःला पहिल्यांदाच दिसलंय."

मी सगळं सांगितलं. चुकीपासून सुरुवात केली. आवाज सुरुवातीला चिरकला, मग लागला. शेवटी प्रोजेक्टरच्या काचेवर जवळच्या ताऱ्याचा दहावा दिवस ठेवला. भिंतीवर ती रेघ माणसाएवढी मोठी झाली. सरांनी अण्णांना खुणेने बोलावलं.

अण्णा पुढे आले. पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या ताऱ्याची पंधराव्या दिवसाची फिल्म त्यांनी दोन बोटांत कडेने धरली, पहिल्या रेघेवर टेकवली आणि सवयीने जरा डावीकडे, जरा वर सरकवली. भिंतीवर दोन रेघा थरथरत एकमेकींजवळ आल्या. मग एकच रेघ राहिली. अण्णांनी हात काढून घेतला.

 मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी हलक्या आवाजात "वा" म्हणालं, मैफलीत समेला म्हणतात तसं.

पहिल्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठले. "आपलं मत काय पडलं, खटावकर साहेब?"

अण्णांनी कोटाचं बटण लावलं. सहा वर्षांनी ते पुन्हा माणसांसमोर उभे होते.

"नऊ कागद मी तपासले," ते म्हणाले. "हात एकाचाच आहे. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे."

मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं, आणि मिस्कीन सर स्वतः उठून आणायला गेले.